केंडाची चोच आणि काचेतला समुद्र

कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला केंड म्हणतात आणि शोभेच्या माशांच्या दुकानांत जो ‘पफर फिश’ या नावाने विकला जातो, तो मासा मच्छीमाराला नकोसा असतो. जाळ्यात शिरलेला केंड आतली मासळी खातो, सुटण्यासाठी जाळे कुरतडून टाकतो, आणि एवढे नुकसान करूनही विषारी म्हणून त्याला बाजारात गिऱ्हाईक नसते. त्याच्याच प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या भाऊबंदांना मात्र हौशी पालकांच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत मानाची जागा मिळते. किनाऱ्यावरचा राग आणि घरातले कौतुक ही दोन टोके ज्या अवयवापाशी जुळतात, तो अवयव म्हणजे त्याची चोच होय. समुद्रात जी चोच शिंपला फोडते आणि जाळ्याचा धागा तोडते, तिला काचपेटीत कठीण काम मिळाले नाही तर ती वाढतच जाते आणि अखेर त्या माशाला तोंड उघडणेही अशक्य करते. बहुतेक लोक हा मासा त्याच्या फुगण्याच्या आकर्षणाने घरी आणतात. त्याची खरी निगा मात्र दातांपासून सुरू होते.

केंडांच्या कुळाचे शास्त्रीय नाव ‘टेट्राओडॉन्टिडी’ असे असून ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘चार दातांचे’ असा होतो, कारण त्यांच्या वरच्या आणि खालच्या जबड्यांतील दात एकमेकांत मिसळून प्रत्येकी दोन, अशा चार पट्ट्या बनलेल्या असतात. या कुळात सुमारे २०० जाती आहेत. ज्यांच्या अंगभर काटे असतात आणि ज्यांना त्यामुळे साळिंदर मासे म्हटले जाते, ते शेजारच्या ‘डायडॉन्टिडी’ म्हणजे ‘दोन दातांच्या’ कुळातले. त्यांच्या प्रत्येक जबड्यात दातांची एकच अखंड पट्टी असते. पाळणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही कुळांची निगा जवळजवळ सारखीच असल्यामुळे येथे दोहोंचा विचार एकत्र केला आहे. दोन्ही कुळांतील माशांना पोटाखालचे पर नसतात आणि इतर माशांसारख्या बरगड्याही नसतात. पाठीवरचा, शेपटीजवळचा खालचा आणि कल्ल्यांमागचे असे लहान पर हलवत ते पोहतात. त्यांचा वेग कमी असतो, पण जागच्या जागी वळणे, मागे सरकणे आणि एखाद्या फटीसमोर स्थिर राहून आत डोकावणे त्यांना सहज साधते. डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरत असल्यामुळे असा मासा एका डोळ्याने खडकाकडे आणि दुसऱ्याने काचेबाहेरच्या माणसाकडे पाहत असल्याचे स्पष्ट दिसते, आणि त्याच्याविषयी जिव्हाळा वाटण्याचे मोठे कारण कदाचित हेच असावे.

बरगड्यांचा अभाव आणि विलक्षण ताणले जाणारे जठर यांमुळेच या माशाला फुगता येते. शत्रू जवळ आला की तो तोंडाने पाणी ओढून घोटाघोटाने जठरात भरतो, जठर पोटभर पसरते, त्वचा ताणली जाते आणि क्षणभरापूर्वी हातात मावणारा मासा गिळता येणार नाही असा चेंडू बनतो. फुगल्यावर मासा श्वास रोखून धरतो असा समज पूर्वी होता. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली एका लहान केंडावर केलेल्या मोजमापांत मात्र असे आढळले की, फुगलेल्या अवस्थेत त्याचा श्वास चालूच राहतो, प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या अवस्थेच्या सुमारे पाचपट होतो आणि शरीर पूर्ववत होण्यास पाच तासांहून अधिक वेळ लागतो. पाहुण्यांना गंमत दाखवण्यासाठी काचेवर टकटक करून किंवा काठीने डिवचून मासा फुगवणे ही म्हणूनच निखळ क्रूरता आहे. पाहणाऱ्यांची करमणूक मिनिटभरात संपते, माशाला मात्र त्यानंतरचा अर्धा दिवस थकव्यात काढावा लागतो.

केंडांच्या कुळातील अनेक जातींच्या यकृतात, अंडाशयात आणि त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. हे नाव जपानी संशोधक योशिझुमी ताहारा यांनी १९०९ साली दिले. चेतातंतूंतून संदेश पुढे जाण्यासाठी सोडिअमचे कण ज्या सूक्ष्म वाहिन्यांतून पेशीत शिरतात, त्या वाहिन्यांची तोंडे हे विष बंद करते. परिणामी ओठ आणि जीभ बधिर होण्यापासून सुरुवात होऊन श्वसनाचे स्नायू लुळे पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि त्यावर उतारा नसल्यामुळे विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे एवढाच उपाय उरतो. कॅप्टन जेम्स कुक याने १७७४ साली न्यू कॅलेडोनिया बेटावर अशा माशाचे यकृत नुसते चाखले आणि रात्रभर हातापायांची शक्ती गेल्याचा अनुभव घेतला. त्याच माशाची आतडी खाल्लेले डुक्कर सकाळी मेलेले आढळले. केंड हे विष स्वतः बनवत नाही. ते जीवाणूंपासून निघते, अन्नसाखळीतून माशात साठते, आणि केंडाच्या स्वतःच्या वाहिन्यांची घडण थोडी वेगळी असल्यामुळे त्याला बाधत नाही. नियंत्रित अन्नावर वाढवलेले केंड याच कारणाने बिनविषारी आढळतात. हे विष खाल्ल्यावर बाधते, म्हणून टाकीत हात घालणाऱ्याला त्याची भीती नसते. बोटाचा लचका तोडणाऱ्या चोचीची मात्र अवश्य असावी. मेलेला मासा मांजराच्या किंवा कुत्र्याच्या वाटेत न टाकता खोल पुरावा, एवढी दक्षता पुरेशी असते.

घरी पाळण्याजोग्या जातींची निवड करताना पूर्ण वाढ झालेल्या माशाची लांबी डोळ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे, कारण दुकानात दिसणारे पिल्लू बहुधा बोटाएवढेच असते. ‘कँथिगॅस्टर व्हॅलेंटिनी’ ही जाती सुमारे ११ सेंटिमीटरपर्यंतच वाढते. पांढुरक्या अंगावर खोगिरासारखे गडद पट्टे असलेला हा मासा इतका प्रभावीपणे विषारी आहे की, ‘पॅराल्युटेरेस प्रिओन्युरस’ नावाच्या एका वेगळ्याच, निरुपद्रवी माशाने त्याचे रूप हुबेहूब उचलले आहे, आणि शिकारी मासे त्या नकलेलाही टाळतात. ‘आरोथ्रॉन नायग्रोपंक्टॅटस’ या जातीचा चेहरा कुत्र्यासारखा दिसतो म्हणून तिला ‘डॉगफेस पफर’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत सापडणारा हा मासा सुमारे ३३ सेंटिमीटर लांब होतो आणि चांगल्या निगराणीत दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. ‘डायडॉन होलोकॅन्थस’ हा साळिंदर मासा याहूनही मोठा होऊ शकतो, तर ‘आरोथ्रॉन स्टेलॅटस’ ही जाती मीटरभराहून लांब होते आणि ती घरी आणण्याचा विचारही करू नये. दुकानात मात्र या सर्वांची पिल्ले एकमेकांशेजारी, जवळपास सारख्याच आकाराची ठेवलेली असू शकतात.

येथे आणखी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. सगळेच केंड समुद्रातले नसतात. केरळातील पंबा आणि इतर नद्यांत राहणारा, जेमतेम तीन सेंटिमीटरचा ‘कॅरिनोटेट्राओडॉन ट्रावनकोरिकस’ हा पूर्णपणे गोड्या पाण्यातला असून त्याला खाऱ्या पाण्यात टाकणे म्हणजे मारणेच होय. याउलट हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेला ‘डायकोटोमिक्टेरे नायग्रोव्हिरिडिस’ हा खाड्यांच्या मचूळ पाण्यातला मासा गोड्या पाण्यातला म्हणून सर्रास विकला जातो. तो काही महिने तग धरतो, मग झुरू लागतो, आणि पालक स्वतःच्या हातगुणाला दोष देत राहतो. वय वाढेल तसतशी पाण्याची क्षारता हळूहळू वाढवत नेली, तर हाच मासा वर्षानुवर्षे जगतो.

डॉगफेस जातीच्या एका माशासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी योग्य मानली, तर ती काठोकाठ भरण्यास सुमारे ६८० लिटर पाणी लागते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने पहिल्या भरण्यासच जवळपास २४ किलो कृत्रिम सागरी मीठ खर्ची पडते. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडिअम क्लोराइडखेरीज मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, पोटॅशिअम आणि सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारा आकडा, टिकवून धरणारे क्षारही असतात. पाणी, काच, खडक आणि लोखंडी चौकट मिळून वजन पाऊण टनाच्या पुढे जाते, तेव्हा इमारतीच्या वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्याआधी जाणकार अभियंत्याला विचारलेले बरे. लहान व्हॅलेंटिनीसाठी १२० लिटरची टाकी पुरते, आणि मध्यम आकाराच्या घरात राहणाऱ्या नवख्या पालकाने त्याच जातीपासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

एवढे पाणी का लागते, याचे उत्तर माशाच्या खाण्यात आहे. केंड मांसाहारी असून खाताना अन्नाचे तुकडे चहूकडे उडवतो. उरलेले अन्न आणि त्याची विष्ठा कुजून, तसेच थेट कल्ल्यांवाटेही, पाण्यात अमोनिया जमा होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ इतका अल्कधर्मी असतो, आणि पाणी जितके अल्कधर्मी तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो; गोड्या पाण्यात खपून जाणारी चूक येथे म्हणूनच जिवावर बेतते. या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू खडकांवर आणि गाळणीच्या सच्छिद्र पृष्ठभागांवर वस्ती करतात, पण ही वस्ती जमण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडू नये. चाचणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरच त्याला आणावे. जीवाणूंनी विघटन करण्याआधीच सेंद्रिय घाण बाहेर काढण्यासाठी ‘प्रोटीन स्किमर’ नावाचे उपकरण वापरतात; त्यात हवेचे बारीक बुडबुडे पाण्यातून सोडले जातात, घाण त्यांना चिकटते आणि तपकिरी फेसाच्या रूपाने वरच्या भांड्यात गोळा होते. केंडासाठी हे उपकरण टाकीच्या मापापेक्षा एक पायरी मोठेच घ्यावे.

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर राहणाऱ्याला समुद्राचेच पाणी बादलीने आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु पावसाळ्यात नद्या आणि खाड्या फुगून किनाऱ्यालगतचे पाणी पातळ आणि गढूळ होते, आणि शहरांजवळ त्यात सांडपाणीही मिसळलेले असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि इतर क्षार काढण्यासाठी आरओ यंत्रातून गाळलेल्या पाण्यात कृत्रिम मीठ विरघळवून, विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२५ या दरम्यान आहे का हे रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे एका थेंबातून प्रकाश किती वाकतो यावरून क्षारता दाखवणाऱ्या नळीने, तपासणे हाच भरवशाचा मार्ग आहे. टाकीतून केवळ पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते, त्यामुळे रोज घटणाऱ्या पातळीची भर नेहमी गोड्या पाण्यानेच करावी. खारे पाणी ओतत राहिले तर महिन्याभरात टाकी समुद्रापेक्षा खारट होते. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. थंड देशांतील पालकाला पाणी तापवण्याची चिंता असते, इथल्याला ते थंड ठेवण्याची. एप्रिल-मे महिन्यांत खोलीतील पाणी तिशीपार गेले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्याने बाष्पीभवन होऊन दोन-तीन अंशांचा उतार मिळतो. वीज गेल्यास चालणारा बॅटरीचा हवापंप ही चैनीची वस्तू समजू नये.

टाकीत जे खडक रचतात त्यांनी केंडाला लपायला कपारी मिळतात आणि जीवाणूंना घर मिळते. परदेशी पुस्तकांत यासाठी समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ सुचवलेला असतो. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने किनाऱ्यावरून किंवा बेटांवरून प्रवाळ उचलून आणणे गुन्हा ठरते. भाजलेल्या मातीचे किंवा चुनखडीचे सच्छिद्र कृत्रिम खडक थोड्या अधिक काळात तेच काम करतात. तसेही जिवंत प्रवाळ आणि केंड यांचे जमत नाही. डॉगफेस मासा निसर्गात प्रवाळांच्या फांद्यांची टोके कुरतडून खातो, त्यामुळे त्याच्या टाकीत मासा आणि खडक एवढेच असावे.

केंडाची चोच ही दंतिनाच्या, म्हणजे दाताच्या आतील कठीण द्रव्याच्या, पातळ पट्ट्या एकीवर एक रचत बनते. आतून नव्या पट्ट्या येत राहतात आणि बाहेरची कड झिजत राहते. समुद्रात खेकड्यांची कवचे, शिंपले आणि शंख फोडताना ही झीज आपोआप होते. घरात जर सोललेली कोळंबी आणि माशाचे मऊ तुकडेच दिले, तर वाढ चालू राहते, झीज थांबते, आणि काही महिन्यांत वरची चोच खालच्या ओठावर उतरलेली दिसते. अशा माशाला भूक असते, तो अन्नाकडे झेपावतो, पण घास तोंडात शिरत नाही. भरल्या टाकीत उपासमारीने खंगत जाणारा केंड हे या छंदातले अत्यंत क्लेशदायक दृश्य आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येते.

याबाबतीत किनाऱ्यावरच्या मराठी घरांना एक लाभ आहे, कारण केंडाला जे हवे ते मासळीबाजारात मिळते. तिसऱ्या, शिणाणे, लहान कुर्ल्यांचे नांगे, सालासकट कोळंबी आणि अधूनमधून माकूल हा त्याचा उत्तम आहार आहे. हे सारे बर्फाच्या किंवा रसायनाच्या पाण्यात बराच वेळ पडलेले नसावे, घरी आणून स्वच्छ धुवावे, काही दिवस गोठवून ठेवावे म्हणजे परजीवींचा धोका घटतो, आणि देण्यापूर्वी टाकीतल्याच थोड्या पाण्यात वितळवावे. तिसरी अर्धवट उघडून दिली तर मासा कवच धरून ती खडकावर आपटतो, चोचीने कडा फोडतो आणि आतले मांस ओढून काढतो. या खटपटीत त्याचा अर्धा तास जातो. ज्याचे समुद्रातले सारे आयुष्य कपारी धुंडाळण्यात गेले असते, अशा बुद्धिमान शिकाऱ्याला दातांच्या झिजेइतकीच या उद्योगाचीही गरज असते. एकच पदार्थ वर्षभर देणे मात्र घातक ठरते, कारण काही शिंपल्यांत आणि माशांत थायमिनेज नावाचे विकर असते आणि ते ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते. आहार पालटता ठेवावा आणि आठवड्यातून एकदा अन्नावर जीवनसत्त्वांचे थेंब टाकावेत. पिल्लाला रोज, तर मोठ्या माशाला आठवड्यातून तीन वेळाच खायला द्यावे, आणि पोट किंचित गोलसर दिसले की थांबावे.

काळजी घेऊनही चोच वाढलीच, तर ती कापावी लागते. टाकीतलेच पाणी एका भांड्यात घेऊन त्यात लवंगेच्या तेलाचे अत्यल्प प्रमाण मिसळतात, त्यातील युजेनॉल या द्रव्याने मासा गुंगतो, मग त्याला ओल्या मऊ कापडात पाण्याखालीच हलकेच धरून नखांच्या कडा कापण्याच्या बारीक कात्रीने चोचीचे टोक थोडे थोडे उतरवतात, आणि लगेच स्वच्छ पाण्यात सोडून शुद्धीवर येईपर्यंत कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवतात. तेलाचे प्रमाण चुकले तर मासा पुन्हा जागा होत नाही, म्हणून हे काम प्रथम जाणत्या पशुवैद्याकडून करून घ्यावे.

केंडाच्या स्वभावाविषयी पालक जे सांगतात त्याला जुना साक्षीदार आहे. चार्ल्स डार्विन याने १८३२ साली ब्राझीलच्या बाहिया बंदरात एका साळिंदर माशाचे निरीक्षण करून त्याचे फुगणे, कडकडून चावणे आणि तोंडातून दूरवर पाण्याची पिचकारी मारणे नोंदवून ठेवले होते. आजही अन्न घेऊन येणारी व्यक्ती जवळ येताच केंड काचेशी वरखाली नाचू लागतो, आणि झाकण उघडल्यावर उशीर झाला तर चेहऱ्यावर पाणी उडवतो. हा लडिवाळपणा माणसापुरताच असतो. टाकीतले शंख, झिंगे आणि शंखातले खेकडे तो खाऊन टाकतो, लांब झुलत्या परांचे मासे कुरतडतो, आणि आपल्याच जातीच्या दुसऱ्या केंडाला सहसा सहन करत नाही. चपळ सर्जन फिशसारखे, त्याच्याइतकेच मोठे सोबती ठेवता येतात, पण एकटा ठेवलेला केंडही सुखाने राहतो.

बाजारात येणारे सागरी केंड बहुतांशी समुद्रातून पकडलेले असतात, आणि फिलिपाइन्स व इंडोनेशियात मासे बेशुद्ध करण्यासाठी प्रवाळभित्तींवर सायनाइड फवारण्याची पद्धत अनेक दशके चालत आली आहे. अशा माशाचे अवयव आतून दुखावलेले असतात. तो दुकानात ठीक दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत मरतो. दुकानदाराला मासा खाऊन दाखवायला सांगणे, खपाटीला गेलेल्या पोटाचा किंवा धुरकट डोळ्यांचा मासा नाकारणे आणि आणलेला मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे आवश्यक ठरते. त्या काळात ‘क्रिप्टोकॅरिऑन’ या परजीवीचे पांढरे ठिपके अंगावर उठले तर इतर माशांना देतात ते तांब्याचे औषध केंडाच्या बिनखवल्यांच्या त्वचेला फार जपून द्यावे लागते. त्याला एका टाकीतून दुसरीत नेताना जाळी वापरू नये. भांडे पाण्यात बुडवून मासा पाण्यासकटच उचलावा, कारण पाण्याबाहेर घाबरून तो फुगला तर पोटात हवा जाते, ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही, आणि तो उलटा तरंगत राहतो.

घरची माणसे गावाला गेल्यावर काय, हा प्रश्न मासा आणण्यापूर्वीच सोडवलेला असावा. धडधाकट मोठा केंड चार-पाच दिवस उपाशी राहू शकतो; काचेवरची त्याची आर्जवे पाहून दिवसातून तीनदा मूठभर कोळंबी टाकणारा प्रेमळ शेजारी त्याला अधिक धोक्याचा असतो. अनुभवी पालक म्हणूनच जाण्याआधी तिसऱ्या मोजून, एकेका वेळच्या वेगळ्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून फ्रीजरमध्ये ठेवतात, वाफेने घटणारे पाणी भरण्यासाठी आरओ पाण्याच्या बाटल्या टाकीशेजारी मांडतात, आणि हवापंपाची बॅटरी भरलेली आहे की नाही हे दार ओढून घेण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासतात.